हॅरी पॉटरसारख्या पुस्तकांना साहित्य म्हणावं का? मुलांना द्यावीत का?

म्हणावं. नाही म्हणणारे बहुतेक जण ती न वाचताच बोलतात. आमचे मामा वाचूनही बोलतात.

२०१९चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागातलं मामांचं घर निम्मं बुडालं आणि मामा-मामी आमच्याकडे विश्रामबागला आले. मामा मराठीचे निवृत्त प्राध्यापक. लाइट नाही, पेपर नाही, दुधाला रांग. माझ्या लेकीच्या हातात हॅरीचा पहिला भाग बघून म्हणाले, "चेटकिणींचं काय वाचतेस? तुला चांगलं काहीतरी देतो." चांगलं सगळं पाण्याखाली होतं. दुसऱ्या दिवशी खिडकीशी खुर्ची ओढून तेच पुस्तक घेऊन बसले. मामी जेवायला हाका मारून दमल्या. पूर ओसरल्यावर निघताना दुसरा भाग पिशवीत टाकला आणि चपला घालता घालता म्हणाले, "वाचनीय आहे गं, पण साहित्य नव्हे."

त्यांच्या घरात चिखल होता म्हणून तेव्हा गप्प बसले. आता बोलते.

पहिल्या भागातलं जादूच्या आरशाचं प्रकरण घ्या. मनात खोल जे हवंय ते त्यात दिसतं. हॅरीला मेलेले आईवडील दिसतात. त्याचा मित्र रॉन, त्याला दिसतो तो स्वतःच, छातीवर हेडबॉयचा बिल्ला, हातात कप. पाच थोरले भाऊ आणि अंगावर त्यांचेच जुने कपडे, तो पोरगा दुसरं काय बघणार? हेडमास्तर डम्बलडोर सांगतात, मला लोकरीचे मोजे दिसतात. थाप आहे हे पोरांनाही कळतं, पण खरं काय ते लेखिका तिथे सांगत नाही. हे साहित्य नाही तर काय आहे?

आणि राक्षस-चेटकिणींचं वावडं सांगलीकराला? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीतास्वयंवर' केलं. त्यांच्या नाटकांत राक्षस आरडाओरडा करत यायचे. त्याला मामा मराठी रंगभूमीचा पाया म्हणतात, वर्गात शिकवायचेसुद्धा.

बाकी सगळं सोनं नाही. पाचवा भाग उगाच लांबलाय. वेळ मागे नेणारं यंत्र तिसऱ्या भागात आणलं आणि पुढे गैरसोय व्हायला लागली म्हणून पाचव्यात सगळा साठा फोडून टाकला, ही सरळ पळवाट आहे. हॅरीनंतर आलेल्या सगळ्याच जादूगार मालिकांची हमी मी देत नाही.

मुलांना पहिले तीन भाग बिनधास्त द्या, मराठीत मिळतात. चौथ्याच्या शेवटी एक मुलगा मरतो, तो भाग आधी स्वतः वाचा.