शिकवणीचे प्रश्न : "समजलं" म्हणते, पण गणित चुकतं

प्रश्न : शेजारची सहावीतली मुलगी आठवड्यातून दोनदा गणितासाठी माझ्याकडे येते. समजावलं की "समजलं" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी १/२ + १/३ = २/५ लिहून मोकळी होते. तासाची आखणी कशी करू?

उत्तर : "समजलं का?" विचारणं आधी थांबवा. 'नाही' म्हटलं तर तेच पुन्हा ऐकावं लागणार, हे मुलं पुरतं ओळखून असतात. त्याऐवजी विचारा, "२/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" पाचाचं निम्मं अडीच, म्हणजे दोन कमीच. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं! हा घोळ तिचा तिला दिसू द्या. त्याआधीच लसावि काढायला लावलात तर तिच्या लेखी तो आणखी एक नियम. मग दोन्हींतला सोपा, वरचे वर मिळवा आणि खालचे खाली, तोच ती धरून बसणार.

दाखवायला पोळी नको, घडी घालून गोलाचे तीन सारखे भाग करणं जिकिरीचं असतं. १२ सेंमीच्या कागदी पट्ट्या कापा. अर्धी पट्टी ६ सेंमी, तिसरा भाग ४ सेंमी, टोकाला टोक लावलं की १० सेंमी. बारापैकी दहा, म्हणजे ५/६. बाराच का, तर त्याला २, ३, ४, ६ या सगळ्यांनी भाग जातो.

उदाहरणांचा क्रम आदल्या दिवशीच ठरवा. पहिलं १/२ + १/४, कारण अर्धा आणि पाव मिळून पाऊण हे घरात कानावर पडलेलं असतं. मग १/३ + १/६, इथे एकच छेद बदलावा लागतो. त्यानंतर १/२ + १/३. शेवटी ३/४ + १/६ : छेदांच्या गुणाकाराने २२/२४ येतं, लसावि घेऊन ११/१२. दोन्ही एकच, हे तिला शोधू द्या. तिरक्या गुणाकाराची युक्ती तोवर झाकून ठेवा.

तासाची पहिली सात-आठ मिनिटं मागची तीन उदाहरणं, वही बंद ठेवून. नवा भाग पंधरा मिनिटांत आटोपा. पुढची वीस मिनिटं तिने सोडवायचं आणि तुम्ही गप्प बसायचं. सगळ्यात अवघड हेच. समोर एकच मूल असलं की ते अडखळताच आपला हात पेन्सिलीकडे जातो. अडली तर मनात दहापर्यंत मोजा, मग "इथपर्यंत काय केलंस?" एवढंच विचारा. खोडरबर बाजूला ठेवा आणि चुकीवर एक रेघ मारायला सांगा. पुढच्या तासाची आखणी त्या चुकांवरूनच होते. उरलेल्या वेळात तिने तुम्हाला शिकवायचं. गृहपाठ पाचच : तीन आजची, एक जुनं, आणि एक तुम्ही मुद्दाम चुकीचं सोडवलेलं, चूक हुडकायला.

प्रश्न : नातू सेमी-इंग्रजीत तिसरीला आहे. मी 'एकोणऐंशी' म्हटलं की ८९ लिहितो.

उत्तर : त्याचं गणित ठीक आहे, गोंधळ शब्दाचा आहे. कानावर 'ऐंशी' पडतं, म्हणून आधी ८ उमटतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आणलं तेव्हा बराच गदारोळ झाला होता. त्या वादात न पडता आठवडाभर दोन्ही नावं जोडीने म्हणा : "सत्तर नऊ, एकोणऐंशी". १९ ते ८९ अशा आठच संख्या या साच्यातल्या आहेत. ९९ मात्र नव्व्याण्णव, तिथे 'एकोण' येत नाही.