गायन, गिटार आणि ढोलकी एकाच रात्री: क्रम कसा लावायचा

तुमच्या संगीत मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात सतार, ख्याल, नाट्यपदं, कॉलेजच्या मुलांचा गिटारवर गाणारा गट आणि ढोलकीवर लावणी-पोवाडा असे पाच प्रकार आहेत. सभागृह संध्याकाळी ६ ते १० मिळालंय, आणि ख्याल गाणाऱ्या ज्येष्ठ गायिकेला शेवटी बसवायचं की नाही यावर कार्यकारिणीत एकमत होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी स्पष्टच सांगतो, त्यांना शेवटी बसवू नका.

ज्येष्ठ कलाकार शेवटी हा बैठकीचा रिवाज योग्यच आहे, पण तिथे आधीचे सगळे तानपुऱ्यावरच गाऊन गेलेले असतात. तुमच्याकडे आधी ढोलकी आणि हलगी कडाडणार. हलगीची थाप ऐकलेल्या कानाला तानपुरा लगेच ऐकू येत नाही. मग ध्वनिव्यवस्थावाला तानपुऱ्याचा माइक वाढवतो, माइक शिट्टी मारायला लागतो, गायिका आवाज चढवतात आणि विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालातली शांतता पहिल्या पाच मिनिटांतच जाते. ती नंतर कितीही प्रयत्न केला तरी परत येत नाही. म्हणून मिश्र कार्यक्रमाचा क्रम मानापेक्षा आवाजाकडे बघून लावावा.

सतार सगळ्यात आधी ठेवा. तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा, जुळवायला वेळ लागतो, आणि पडदा उघडायच्या आधी तो निवांत मिळतो. सभागृहाचा एसी मात्र तासभर आधीच सुरू करायला सांगा, नाहीतर जुळवलेली वाद्यं कार्यक्रम सुरू होताच हलतात. सहाला खरंच सुरुवात होणार असेल, तर सतारवादकांना पूरियाधनाश्री किंवा मारवा वाजवायची विनंती करता येईल; सूर्यास्ताची वेळ त्या रागांचीच. पण दीपप्रज्वलन, मनोगतं आणि शाल-श्रीफळ यांत पाऊण तास गेला, तर ती वेळ हातची जाते. सत्कार मध्यंतरानंतर घ्या.

त्यानंतर ख्याल, आणि त्याला लागून नाट्यपदं. बैठकीचा चौथरा तोच, तबला-पेटी तीच, त्यामुळे मध्ये काही हलवावं लागत नाही. मध्यंतरात चौथरा काढून गिटारवाल्यांची मांडणी करा. ही मुलं म्हणजे मधली जागा भरायला आणलेली नाहीत. त्यांनाही दुपारी आवाज तपासायला पूर्ण वेळ द्या, आणि लोक चहा घेऊन जागेवर आल्याशिवाय त्यांना सुरू करायला लावू नका. शेवट लावणी-पोवाड्याने होऊ द्या. शेवट भैरवीनेच व्हायला हवा असा आग्रह कुणी धरला, तर भैरवीतली लावणी घेता येते.

मिनिटं साधारण अशी धरा: सतार ४०, ख्याल ५०, नाट्यपदं ३०, मध्यंतर १५, गिटार २५, लावणी-पोवाडा ४०. २४० पैकी उरलेली ४० मिनिटं मांडणी, निवेदन आणि सत्कारांना. यात अजून एखादा कलाकार घुसवायचा मोह होईल, तो टाळा.

एक गोष्ट बहुतेक आयोजक विचारतच नाहीत, ती म्हणजे प्रत्येकाचा स्वर, म्हणजे पेटीच्या कोणत्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीला तो ‘सा’ धरतो. सतार साधारण काळी एकच्या आसपास असते; गायिका काळी चार किंवा पाचात गात असतील. एकच तबलजी दोघांना साथ करणार असेल, तर त्याला मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा असे निदान दोन तबले आणावे लागतील. काळी एकला लावलेला तबला ठोकून ठोकून काळी पाचला नेता येत नाही. आठवडाभर आधी सगळ्यांना फोन करून स्वर लिहून घ्या आणि तबलजींना कळवा.

वेळेबद्दल: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. बंद सभागृहाला त्यातून सूट असली, तरी तुमचा करार दहापर्यंतचाच आहे, आणि मैदानात कार्यक्रम नेलात तर ही सूट लागू होत नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा. या नियमांनंतर त्यालाही वेळापत्रक बदलावं लागलं. उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकायची संधी त्यामुळे फार कमी झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

साथीदारांचं मानधन त्याच रात्री, निघण्यापूर्वी, मुख्य कलाकारांइतक्याच आदराने द्या.

राहिला प्रश्न गायिकेला हे सांगायचा. फोनवर किंवा निरोप पाठवून सांगू नका. अध्यक्षांनी स्वतः घरी जाऊन, पाच प्रकार कोणते आहेत ते सांगावं आणि लोकांचे कान ताजे असताना तुमचं गाणं व्हावं अशी आमची इच्छा आहे, असं म्हणावं. सातच्या सुमाराला त्यांना यमन गायचा आहे की शुद्धकल्याण की आणखी काही, हेही तिथेच विचारा. त्यांनी राग सांगितला की तो आधी सतारवादकांना कळवा, म्हणजे तोच राग दोनदा व्हायचा नाही.