डिप्लोमाच्या मुलांना ४-२० मिलिअँपिअर लूप प्रॅक्टिकलमध्ये कसा शिकवावा?
फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी मुलांच्या हातात वायर द्या. २४ व्होल्ट डीसी सप्लाय, ०-१० बारचा टू-वायर प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजून ० बारला ४ आणि १० बारला २० मिलिअँपिअर करंट देणारं उपकरण) आणि २५० ओहमचा रेझिस्टर, सगळं सिरीजमध्ये. रेझिस्टरवर ० बारला १ व्होल्ट, ५ बारला ३, १० बारला ५ दिसले पाहिजेत. मग एक वायर सोडवा: सरळ ० व्होल्ट. शून्य दाब वेगळा, तुटलेली वायर वेगळी. सुरुवात ४ पासून का, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

यानंतर आणखी ६०० ओहम सिरीजमध्ये घालाच. ट्रान्समीटरला किमान १२ व्होल्ट लागत असतील, तर एकूण ८५० ओहमसाठी १२ व्होल्टच उरतात आणि १० बारलाही करंट २० ऐवजी १४ मिलिअँपिअरच्या आसपास अडकतो. चांगला ट्रान्समीटर खराब वाटतो तो असा.

मल्टिमीटर करंट मोडवर असताना सप्लायला समांतर लावू देऊ नका, फ्यूज उडतो.