'नारुतो' या मांगातली (जपानी कॉमिकमधली) इताची आणि ओरोचिमारू या निंजांची झुंज जपानी पुराणातून घेतली आहे का?

हो, सरळसरळ तिथूनच. इ.स. ७१२ च्या 'कोजिकी' ग्रंथात सुसानोओ हा देव यामाता नो ओरोची या आठ डोक्यांच्या सापाला दारू पाजून झिंगवतो आणि तलवारीने त्याचे तुकडे करतो. मांगात इताचीचा सुसानोओ (त्याने स्वतःच्या शक्तीने उभा केलेला महाकाय योद्धा) ओरोचिमारूच्या आठ डोक्यांच्या सापालाच कापतो, आणि त्याची तोत्सुका तलवार शत्रूला कायमच्या झिंगेत कैद करते. म्हणजे दारूसुद्धा सोडली नाही! त्याच्याकडचा याता आरसा मात्र सूर्यदेवी अमातेरासू गुहेत लपते त्या कथेतला. तरी सगळंच पुराणात शोधू नका: ओरोचिमारू, जिराया, त्सुनादे हे 'नारुतो'तलं त्रिकूट १९व्या शतकातल्या एका गाजलेल्या कथामालिकेतलं आहे. आणि मांगात इताचीच्या काळ्या ज्वाळांना अमातेरासू म्हणतात, पण ती मुळात सूर्यदेवी; काळ्या ज्वाळा मांगाकार किशिमोतोंच्या.