लिपिडमध्ये 'सुधारणा' की 'फेरफार'?

कोल्हापुरात बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलंय : "मुलांच्या टिपणात 'विकरे संदेशवाहक लिपिडांमध्ये सुधारणा करून पेशीच्या कार्याचे नियमन करतात' असं लिहिलं. 'सुधारणा' खटकतंय. बदल, फेरफार, रूपांतर, काय वापरू?"

मॅडम, खटकतंय ते बरोबरच. (विकरं म्हणजे एन्झाइम, पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी; लिपिडं म्हणजे स्निग्ध पदार्थांच्या कुळातले रेणू.) सुधारणा म्हटलं की आधी काहीतरी बिघडलं होतं असा वास येतो. 'बदल' चालेल, पण बदल आपोआपही होतो, करणारा दिसत नाही. माझं मत 'फेरफार'ला. हिशेबातल्या फेरफारामुळे शब्दाला डाग लागलाय खरा, पण करवीर तालुक्यातल्या पोराला आधी आठवतो तो तलाठ्याकडचा फेरफार. रान तेच, बांध तेच, एका नोंदीनं हक्कदार बदलतो. पेशीतही तसंच. पेशीपटलाच्या आतल्या अंगाला पीआयपी-२ नावाचं लिपिड असतं, पटलातल्या लिपिडांत जेमतेम टक्काभर. इन्सुलिनचा निरोप आला की पीआय-३-कायनेज हे विकर त्याच्या इनॉसिटॉल या कड्यासारख्या (रिंगच्या) भागावर तिसऱ्या जागी एक फॉस्फेट चढवतं. झालं पीआयपी-३! रेणू जवळपास तोच, पण आता एकेटी हे प्रथिन येऊन त्याला चिकटतं आणि स्नायूच्या पेशीत ग्लुकोज आत घेणारी वाहक प्रथिनं पटलावर येतात. पीटेन हे दुसरं विकर तेच फॉस्फेट उतरवतं, नोंद रद्द. पीटेनचं जनुक १९९७ साली सापडलं तेच मुळी कर्करोगाच्या संशोधनात. ते निकामी झालं की पेशीला वाढीचा निरोप मिळतच राहतो.

फॉस्फोलिपेज-सी या विकराला मात्र 'फेरफार' लावू नका. ते पीआयपी-२ चे सरळ दोन तुकडे करतं. आयपी-३ हा तुकडा पेशीद्रवात सुटून साठवलेलं कॅल्शियम बाहेर काढायला लावतो, तर डायअसिलग्लिसरॉल पटलातच राहून प्रोटीन कायनेज-सी या आणखी एका विकराला कामाला लावतं. इथं 'विघटन'च म्हणा.

'नियमन' ठेवा. 'मेद' टाळून 'लिपिड' लिहिलंत तेही बरं केलंत. नाहीतर पोरांच्या डोळ्यांपुढं तांबड्या रश्श्यावरचा कट यायचा.

वाक्य असं करून बघा : 'काही विकरे संदेशवाहक लिपिडांवर फॉस्फेट चढवून, उतरवून किंवा त्यांचे तुकडे करून पेशीच्या कार्याचे नियमन करतात.' यात 'फेरफार'ही लागत नाही. तो टिपणाच्या मथळ्यात घ्या.