वाचकांचे प्रश्न: थकलेला ऑर्गन आणि नव्यासाठी निधी

प्रश्न: आमच्या चर्चमधील पाइप ऑर्गन आता पार थकला आहे. अलीकडे एका उपासनेत मूक प्रार्थना चालू असताना खर्जाचा एक सूर आपोआप वाजू लागला आणि वादकाने हात-पाय काढून घेतले तरी थांबेना. शेवटी हवेची मोटर बंद करावी लागली. नवा ऑर्गन घ्यावा असा ठराव समितीने केला असून निधी जमवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अंदाजे रक्कम ऐकूनच निम्मे लोक गप्प झाले. सुरुवात कोठून करावी? देणगीदारांची नावे नळ्यांवर कोरावीत, अशीही एक सूचना आहे. ती मान्य करावी का?

उत्तर: निधीचा विचार थोडा बाजूला ठेवून आधी ठरावातील ‘नवा’ हा शब्द तपासून घ्यावा, असे मला वाटते. तुम्ही वर्णन केलेला प्रकार ऐकायला भयंकर असला, तरी त्याचे कारण बहुतेक वेळा क्षुल्लक असते. नळीत हवा सोडणारी, तिच्याखालची झडप नीट मिटत नाही. तिच्यात कचरा अडकलेला असतो, नाहीतर तिचे चामडे वाळून ताठ झालेले असते. भात्यांचे आणि झडपांचे चामडे काही दशकांत झिजतेच, विजेची जोडणीही जुनी होते. नळ्या मात्र नीट सांभाळल्या तर शतकानुशतके टिकतात. स्वित्झर्लंडमधील सियों येथील वालेर बॅसिलिका या जुन्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातील ऑर्गन आजही वाजतो. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलचा सुमारे ८,००० नळ्यांचा मोठा ऑर्गन २०१९ च्या आगीनंतर शिशाच्या धुळीने माखला होता. तो उतरवून साफ करण्यात आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा वाजला.

म्हणून पहिला निधी लहान असावा आणि तो तपासणीसाठी असावा. ज्याला तुम्हाला ऑर्गन विकायचा नाही अशा जाणकाराकडून लेखी अहवाल घ्यावा: कोणत्या नळ्या चांगल्या आहेत, नळ्या जिच्यावर उभ्या असतात त्या हवापेटीच्या लाकडाला तडे गेले आहेत का, दुरुस्तीला किती खर्च येईल, जुन्या नळ्या वापरून नवी यंत्रणा बसवायची तर किती आणि सगळेच नवे घ्यायचे तर किती. बंद पडलेल्या चर्चचा चांगला ऑर्गन मिळतो का, हेही त्याच वेळी विचारावे, कारण अशा वाद्याला खरेदीच्या किमतीपेक्षा उतरवण्याचा, वाहतुकीचा आणि पुन्हा बसवण्याचा खर्चच अधिक येतो. डिजिटल वाद्य स्वस्त पडेल, यात शंका नाही. पण काही वर्षांनी त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात आणि तुमच्यानंतरच्या समितीला पुन्हा झोळी घेऊन फिरावे लागते. अहवालाअंती नवाच ऑर्गन घ्यावा असे ठरले, तरी तपासणीचा पैसा वाया जात नाही. ‘दुरुस्ती का केली नाही?’ हा प्रत्येक मोठ्या देणगीदाराचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर तुमच्या हातात कागदावर असते.

आता मुख्य निधी. जाहीर आवाहनाची घाई करू नये. आधी समितीच्या सदस्यांनी आपापला आकडा लिहून द्यावा, मग वादक, गायकवृंद आणि जवळची कुटुंबे यांच्याशी समक्ष बोलावे आणि बरीचशी रक्कम कबूल झाल्यावरच मोहीम जाहीर करावी. शून्यावर उभा असलेला फलक पाहून कोणाचाही हात खिशाकडे जात नाही. बाहेरचे दातेही हेच पाहतात. पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी ७,६०० हून अधिक ऑर्गनसाठी पैसे दिले. परंतु पुढेपुढे ते बहुधा निम्मीच रक्कम देत आणि उरलेली निम्मी त्या चर्चच्या लोकांनी उभी करावी, अशी त्यांची अपेक्षा असे.

गप्प झालेल्या लोकांना मोठ्या आकड्याचे लहान तुकडे करून द्यावेत. यासाठी ऑर्गनसारखी सोयीची वस्तू नाही, कारण त्यातील सर्वांत आखूड नळी पेन्सिलीपेक्षा लहान असते, तर वरचे तोंड उघडे असलेली खर्जाची नळी सोळा फूट उंच असू शकते. ‘एक नळी आपल्या नावाने’ ही योजना अनेक ठिकाणी चालते, ती यामुळेच: लहान मुलालाही एखादी नळी परवडते आणि एखादे कुटुंब सबंध सप्तक घेते. मात्र दर्शनी भागातील चकचकीत नळ्या देण्यापूर्वी त्या खरोखर वाजतात का, याची खात्री करून घ्यावी. काही ऑर्गनमध्ये त्या निव्वळ शोभेच्या असतात, आणि ‘माझी नळी ऐकवा’ असे म्हणत दाता उभा राहिला की वादकाची पंचाईत होते. एखाद्या रविवारी उपासनेनंतर ऑर्गनचे दार उघडून लोकांना आत डोकावू द्यावे. भात्याचे भेगाळलेले चामडे एकदा डोळ्यांनी पाहिले की पत्रकाची गरज उरत नाही.

हिशेबाची बाजू थोडक्यात सांगतो. खाते स्वतंत्र ठेवावे, प्रत्येक पावतीवर उद्देश लिहावा आणि रक्कम कमी पडली तर तिचे काय करणार, हे पहिल्याच पत्रकात सांगून टाकावे. कारागिराला पैसे टप्प्याटप्प्याने द्यावे लागतात. त्यामुळे वचनांची बेरीज म्हणजे हातातली रोकड, असे समजून करार करू नये. चांगल्या कारागिराकडे काही वर्षांची रांग असते, तेव्हा तेवढ्या काळातील दरवाढ आणि पुढच्या देखभालीची तरतूद मूळ आकड्यातच धरावी.

राहता राहिला नावे कोरण्याचा प्रश्न. ही सूचना नम्रपणे नाकारावी. नळ्यांचा धातू बहुधा कथील आणि शिसे यांचा मिश्रधातू असतो आणि तो इतका मऊ असतो की दाबल्यास पोचा पडतो. हाताच्या उबेनेसुद्धा नळीचा सूर हलतो, मग तिच्यावर कोरणीचे हत्यार चालवणे दूरच. चांगल्या कागदाची एक नोंदवही करून तिच्यात नळीचा सूर, ती नळ्यांच्या कोणत्या रांगेतली आहे ते आणि देणाऱ्याचे नाव शाईने लिहावे आणि ती वादकाच्या आसनाजवळ, कोणालाही उघडता येईल अशी ठेवावी.