आधी जिग, मग आर्म

एटीव्हीचे (खडबडीत वाटेवर चालणाऱ्या चारचाकी बाइकचे) ए-आर्म, म्हणजे चाक सांगाड्याला जोडणारे इंग्रजी A आकाराचे दांडे, स्वतः बनवतोयस, छान वाटलं. पण पाइप कापायच्या आधी जिग, म्हणजे सगळे भाग जागेवर घट्ट धरणारा साचा, बनव. मूळ आर्म जाड प्लेटवर ठेवून बुशच्या नळ्या (आर्म सांगाड्याला जिथे बिजागरीसारखा जोडतो) आणि बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) यांची जागा पक्की कर. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी कधी खेचली जाते, कळतही नाही. आधी सगळीकडे टाके (छोटे ठिपक्यासारखे वेल्ड) मार, मग आलटून पालटून थोडं थोडं वेल्ड कर.

नळाचा गॅल्व्हनाइज्ड पाइप अजिबात नको. जस्ताचा धूर बाधतो आणि वेल्डही सच्छिद्र होतो. सीमलेस (बिनजोड) पाइप किंवा ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद) घे.

आपल्याकडे कोकणात खरा शत्रू खारी हवा. माझा पहिला आर्म दिसायला देखणा होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर नखाने खरवडलं तर रंगाखालून तांबूस पापुद्रा सुटला. नळीचं एक टोक मी उघडं ठेवलं होतं, आतून गंज खात होता. म्हणून टोकं पूर्ण बंद कर, आणि किनाऱ्यावरून आलास की गोड्या पाण्याने धू. (वेळास-आंजर्ल्याला कासवांच्या हंगामात वाळूवर गाडी नकोच.)

शॉक (धक्के झेलणारा स्प्रिंगचा भाग) काढून चाक तळापासून वरपर्यंत हलवून बघ. बॉल जॉइंट किंवा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) कुठे अडला, तर तो आर्म गाडीला लावू नकोस.